चार तेवीसची गाडी सोडली

विजूमावशी,

मी बायरिशत्सेलच्या स्टेशनासमोरच्या लहानशा कॅफेत बसले आहे, आणि चार तेवीसची गाडी आत्ता माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. मुद्दाम सोडली. तू असतीस तर खांद्यावरच्या स्की सावरत ओरडली असतीस, "अगं, समोर उभी आहे की, पळ!" पण ही सोडायचीच होती. का, तेच सांगायला बसले आहे. पुढची पाच तेवीसला आहे. मधला हा एक तास माझा नाही, तू ठेवलेला आहे.

तू जाऊन तीन आठवडे झाले. त्या दिवशी अस्थी जमिनीत ठेवून झाल्यावर सगळे कॉफीला बसले. मराठी मंडळातले लोक होते, तुझ्या इमारतीतले जर्मन म्हातारे-म्हाताऱ्या होत्या. आंकेने चमचा कपावर वाजवला आणि विचारलं, मम्माबद्दल कुणाला काही सांगायचंय का. तुझी मुलगी सरळ माझ्याकडे बघत होती. मी केकच्या बशीकडे बघत राहिले. माझं जर्मन कच्चं आहे म्हणून नाही. तुझ्याबद्दल काहीही सांगायला गेले असते तरी वाटेत माझं एक खोटं आडवं आलं असतं.

तेच आधी सांगते. नाही, आधी नको. तुला गोष्ट सुरुवातीपासून ऐकायला आवडायची, फक्त गाडीचं वेळापत्रक तेवढं तू शेवटापासून वाचायचीस.

आपली ओळख न्युरेम्बर्गच्या स्टेशनावर झाली. मला इथे येऊन जेमतेम महिना झाला होता. मी फलाटाच्या कोपऱ्यात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. आई विचारत होती, कॉलेजात शिकवलेलं कळतं का. मी म्हणत होते, "हो गं आई, सगळं कळतं. एकदम सोपं आहे." फोन ठेवला तर शेजारी पिवळ्या टोपीतली एक बाई, हातात माणसाएवढ्या उंच स्की.

"जरा धर गं या," तू म्हणालीस. "बुटाची नाडी सुटली." मी धरल्या. वाकल्या वाकल्या तू विचारलंस, "सगळं कळतं म्हणालीस, आणि चेहरा असा का?"

मला रडू आलं असतं, पण तुझ्या स्की हातात होत्या.

करमाळ्यातून आलेय, वडिलांचं इस्त्रीचं दुकान आहे, आई अंगणवाडीत मदतनीस आहे, घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, हे सगळं तू धार लावायला दिलेल्या स्की घरी पोचेपर्यंत माझ्याकडून काढून घेतलंस. आणि वर बजावलंस, "मला अहो-जाहो करायचं नाही. इथे मला 'अगं मावशी' म्हणणारं कुणी उरलेलं नाही." मला ते 'तू' जिभेवर यायला सहा महिने लागले. आज मात्र येतंय. हे एवढं तरी तुझ्या देखत जमलं.

त्याच संध्याकाळी तू मला स्कीला चल म्हणालीस. मी हसले. मला वाटलं गंमत करतेस. एकसष्ट वर्षांची मराठी बाई, गाडी नाही, गाडी चालवायचं लायसन्सही नाही, आणि डोंगर साडेतीन तासांवर.

मग तू तुझी गोष्ट सांगितलीस. डीटरकाका होते तेव्हा ते आंकेला घेऊन गाडीने डोंगरात जायचे, आणि तू उताराच्या पायथ्याशी थर्मास घेऊन उभी राहायचीस. "खाली उभं राहून लोकांचे हातमोजे सांभाळायचा एक दिवस कंटाळा आला," म्हणालीस. बेचाळिसाव्या वर्षी लहान मुलांच्या वर्गात बसून शिकलीस. काका गेल्यावर गाडी विकलीस, पण डोंगर विकणार नाही म्हणालीस. तेव्हापासून दर डिसेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवारी आगगाडीने. हंगामाच्या अगदी सुरुवातीला. "तेव्हा गर्दी नसते गं. आपण पडलो तर बघायला कुणी नसतं."

तुझं ते नियोजन! मी कॉम्प्युटर शिकायला आलेली मुलगी, आणि तू मला पाकिटाच्या मागच्या बाजूवर आखणी शिकवायला बसलीस. मी म्हटलं, मावशी, फोनमध्ये टाकलं की सगळं येतं. तू म्हणालीस, "फोन सांगतो कसं पोचायचं. पोचायला काय, कुणीही पोचतं." आणि पेन्सिल कागदाच्या तळाशी टेकवलीस.

सगळ्यात खाली परतीची गाडी. तिच्या वर, उतारावरून खाली आणणारी बस. हंगामाच्या सुरुवातीला स्कीवाल्यांची खास बस सुरू झालेली नसते, गावातली साधी बसच असते, तीही दिवसातून मोजक्या वेळा, म्हणून ती चुकवायची नाही. तिच्या वर लिफ्ट बंद व्हायची वेळ. तिच्या वर जेवण. असं चढत चढत सगळ्यात शेवटी, कागदाच्या माथ्यावर, न्युरेम्बर्गहून सुटणारी पहाटेची गाडी. दोघींकडे पास होते, पण ते फक्त हळू गाड्यांना चालतात, म्हणून जलद गाडी कितीही मोहात पाडो, तिच्याकडे बघायचंही नाही. आदल्या दिवशी डोंगरावरचे कॅमेरे तपासायचे. पांढरा पट्टा दिसतो की तपकिरी गवत? आणि तरीही गावातल्या माहिती केंद्राला फोन करायचाच. "वेबसाइट आशावादी असते," तू म्हणायचीस. "फोन उचलणारी बाई नसते."

मी विचारलं होतं, खालून वर का लिहायचं? तू म्हणालीस, "सवय." ते उत्तर खरं नव्हतं हे मला पुढे दीड वर्षाने कळलं.

पहिल्या वर्षीची ती चूक आठवली की मला अजून कानकोंडं व्हायला होतं. म्युन्शेनला, मी तेव्हा म्युनिक म्हणायचे, आपण गाडी बदलली. तू बजावलंस, पुढच्या भागात बस, ही गाडी होल्झकिर्शेनला तुटते. पुढचा भाग बायरिशत्सेलला जातो, मागचा दुसऱ्या खोऱ्यात. मी हो म्हटलं आणि मशीनमधून तुझ्यासाठी कॉफी आणायला गेले. परत आले तर शिट्टी वाजत होती. समोर दिसलं त्या दारातून आत उडी मारली. मनात म्हटलं, काय होतंय, आतून चालत पुढे जाऊ. आपल्याकडे नाही का आपण चालत्या गाडीत या डब्यातून त्या डब्यात जातो, चहावालाही जातो. आणि चालत चालत गेले तर मधे भिंत! ड्रायव्हरची खोली. दोन गाड्या नुसत्या नाकाला नाक लावून जोडलेल्या.

होल्झकिर्शेनला उतरून पुढे पळायला वेळ होता. ते मला नंतर कळलं. गाडीतल्या सूचना सांगणाऱ्या बाईचं बायरिश बोलीच्या उच्चारातलं जर्मन माझ्या डोक्यावरून गेलं, आणि समोर बसलेल्या आजोबांना विचारायची लाज वाटली. ते वर बघून हसलेसुद्धा होते माझ्याकडे, मदत करायला तयार असल्यासारखे. मी खिडकीबाहेर बघत बसले.

तुझा फोन आला. "कुठे आहेस?"

"गाडीत."

"मी पण गाडीत आहे. पण तू नाहीस."

"आहे मावशी, मागच्या डब्यात आहे. येतेच."

"पाटीवर काय नाव आहे ते वाच."

मी वाचलं. शाफ्टलाख. ते दुसऱ्या खोऱ्यातलं. तू म्हणालीस, "उतर. तिथेच थांब. आता कुठेही येतेच म्हणू नकोस."

मी दीड तास उशिरा बायरिशत्सेलला पोचले. तू वर गेली असशील असं वाटलं होतं. तू इथे, या समोरच्या बाकावर बसली होतीस, दोघींच्या स्की भिंतीला टेकवून, पिवळी टोपी कानांवर ओढून. रागावशील म्हणून मी सगळी वाक्यं पाठ करून आले होते. तू म्हणालीस, "आधी डबा काढ. दशम्या तुझ्या पिशवीत आहेत, मी इथे उपाशी मरतेय."

खाता खाता विचारलंस, "गाडीत कुणाला विचारायला काय झालं होतं?"

"मला वाटलं लोक हसतील."

"हसले असते. मग सांगितलं असतं."

एवढंच. त्यावर तू पुन्हा कधी बोलली नाहीस. पण त्या दिवशी आपल्याला उतारावर अडीच तास मिळाले आणि खालची ओळ जशीच्या तशी उभी राहिली. हिरव्या-तपकिरी डोंगरावर बर्फाच्या तोफांनी फवारलेल्या कृत्रिम बर्फाचा एक पट्टा, धुतलेलं धोतर वाळत घातल्यासारखा. तू मला टाचा बाहेर, बोटं आत असा वेग आवरायचा नांगर धरायला शिकवलंस. जर्मन लोकही त्याला नांगरच म्हणतात हे ऐकून मी इतकी हसले की बसलेच. "पडायचं तर कडेला पड," तू ओरडलीस. "मागे पडू नकोस, मागे पडलं की स्की तुला घेऊन पळतात!"

परतीला गाडी आली तेव्हा मी फलाटभर धावत विचारत होते, मावशी, पुढे बसायचं की मागे? तू आरामात मधल्या दारातून चढलीस. "कुठेही बस. येताना तुटते, जाताना जोडते. दुसऱ्या खोऱ्यातली गाडी होल्झकिर्शेनला येऊन हिलाच चिकटणार. परतीला चुकीचा डबा नसतो." आणि म्युन्शेन येईपर्यंत घोरलीस.

आता ते खोटं.

पुढच्या वर्षी तू नोव्हेंबरातच पाकीट काढलंस. मला शनिवार सांगितलास. मी हो म्हटलं. आणि त्याच आठवड्यात निकाल आला. ज्या विषयात मी जुलैत नापास झाले होते, त्यात पुन्हा नापास. जुलैचंही मी तुला सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच. इथे तीनच संधी असतात. तिसरी हुकली की तो अभ्यासक्रम देशभरात आपल्यासाठी बंद. मग करमाळा.

मी तुला गुरुवारी फोन केला. म्हटलं, "मावशी, शनिवारी कामावर बोलावलंय. शिफ्ट आहे."

मागे तुझ्या स्वयंपाकघरात काहीतरी भाजल्याचा आवाज येत होता. मग म्हणालीस, "बरं. दशम्या टिकतात."

शिफ्ट नव्हती. त्या शनिवारी मी खोलीत पांघरूण घेऊन पडून होते, आणि दर थोड्या वेळाने घड्याळ बघून म्हणत होते, आता मावशी म्युन्शेनला असेल, आता होल्झकिर्शेन, आता लिफ्टमध्ये. रविवारी तू दशम्या घेऊन आलीस. मी विचारलं, बर्फ कसा होता? तू म्हणालीस, "मी पण नाही गेले. कमी होता." मी कॅमेऱ्यात बघितलं होतं, मावशी. बर्फ भरपूर होता.

त्यानंतर वर्षभर तू मला विचारत राहिलीस. सरळ कधीच नाही. "काय, कसं चाललंय?" म्हणायचीस आणि मग कुकरची शिट्टी वाजली तरी उठायची नाहीस. मी म्हणायचे, छान. तिसरी परीक्षा मी काही ना काही कारण देऊन पुढे ढकलत राहिले. आता ती फेब्रुवारीत आहे, आता ढकलता येत नाही.

आणि जूनमधलं ते भांडण. त्याला भांडण म्हणायचं का, मला माहीत नाही, कारण तू भांडलीच नाहीस. तुझ्या बाल्कनीत आपण टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होतो. तू म्हणालीस, यंदा तुला लाल, म्हणजे जरा अवघड उतारावरून नेते. मी एकदम चिडले. माझं मलाच कळलं नाही. म्हटलं, "मावशी, हा आपल्यासारख्यांचा खेळ नाही."

"आपल्यासारखे म्हणजे कोण?"

"म्हणजे माझ्यासारखे. तुमचं बरंय. तुम्हाला इथेही घर आहे, तिकडेही आहे. पडलं तरी काय बिघडतं?"

वर्षभरात पहिल्यांदाच माझ्या तोंडून तुम्ही गेलं. तू सुतळीची गाठ मारलीस, ती सुटली, पुन्हा मारलीस. मग म्हणालीस, "मी चोविसाव्या वर्षी इथे आले तेव्हा परत जायचं काहीच ठरवलेलं नव्हतं. लग्न घरच्यांच्या मनाविरुद्ध केलं म्हणून आमच्या दादांनी सांगितलं होतं, आता इकडे यायचं नाही. पहिली सहा वर्षं काहीही बिनसलं की मला एकच भीती वाटायची, हे मोडलं तर मी जाऊ कुठे. म्हणून मी मोडलेलं कुणाला सांगायचेच नाही. सगळं छान." मग कात्री उचलून आत गेलीस. आतून म्हणालीस, "म्हणून आता आधी परतीचं लिहिते."

मी तिथेच उभी राहिले. मागोमाग आत यायला हवं होतं. चार पावलं होती. त्या चार पावलांत सगळं सांगून झालं असतं. मी टोमॅटोला पाणी घातलं आणि बसचं निमित्त काढून निघाले. पुढच्या वेळी आपण दोघी काही झालंच नाही असं वागलो. माफी मागायची राहिली. 'आपल्यासारखे' म्हणजे कोण, याचं उत्तरही राहिलं.

अस्थी ठेवल्या त्या दिवशी कॉफी संपल्यावर, सगळे पांगल्यावर आंके मला तुझ्या घरी घेऊन गेली. तुझे स्कीचे बूट माझ्यासमोर ठेवले. "अडतीस नंबर. तुलाच होतात, ती म्हणायची." आंके अर्थात जर्मनमध्ये बोलत होती आणि मी मराठीत. तुझ्यामुळे आम्हा दोघींना त्याची सवय झाली आहे. दशम्यांचा डबा दिला. मग बुटाच्या आत खुपसलेलं एक पाकीट काढलं, विजेच्या बिलाचं. मागे तुझी पेन्सिल.

"आल्झो, म्हणजे बघ," ती म्हणाली, "मला समजतं, पण वाचता येत नाही. मम्माने शिकवायचा प्रयत्न केला, मीच पळून जायचे. काय लिहिलंय गं?"

गेल्या वर्षीचा शनिवार होता तो. मी वाचायला लागले. वरून खाली, सगळे वाचतात तसं. न्युरेम्बर्ग. म्युन्शेन, पुढचा भाग, आणि त्याखाली दोन रेघा, "पोरीचा हात धरून". आंके हसली. बस. लिफ्ट. जेवण, दशम्या, लसणाची चटणी. बस खाली. आणि तळाशी, जिथे तू सगळ्यात आधी लिहायला सुरुवात केली असशील तिथे:

"१६:२३. पोरगी बोलायला लागली तर १७:२३."

मी थांबले.

"उंड? आणि?" आंकेने विचारलं. "खाली अजून काहीतरी आहे ना?"

"पुढची गाडी आहे," मी म्हटलं. "परतीची."

बघ ना मावशी. तुझ्या घरात, तुझ्या मुलीसमोर, तुझं अक्षर हातात धरून मी तेच केलं. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ती बिचारी मान हलवून म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर, तिला नेहमी दोन गाड्या हव्या असायच्या," आणि पाकीट मलाच देऊन टाकलं.

घरी येऊन मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. म्हणजे तुला माहीत होतं. नापास झाले हे माहीत असेल-नसेल, पण काहीतरी अडकलंय हे माहीत होतं. आणि तू ठरवलं होतंस की विचारायचं नाही, फक्त एक तास मोकळा ठेवायचा. दिवसभर बर्फात पडून झाल्यावर, पाय दुखत असताना, इथे गरम चॉकलेट पीत. तेव्हा माणूस बोलतो, हे तुला ठाऊक असणार. आणि मी तुला शिफ्ट आहे म्हणून सांगितलं. म्हणून तू गेली नाहीस. बर्फ कमी होता म्हणालीस. तूही खोटंच बोललीस की! पण तुझं खोटं मला झाकायला होतं.

मग मीही पाकीट घेतलं. माझ्या विमा कंपनीचं. पेन्सिल तळाशी टेकवली आणि आधी सतरा तेवीस लिहिलं. सोळा तेवीस लिहिलंच नाही. तिथून वर चढले. एक लिफ्ट सुरू आहे असं वेबसाइट म्हणत होती, म्हणून फोन केला. फोन उचलणारी बाई म्हणाली, हो, एकच, आणि कडेला बर्फ पातळ आहे, दगडांकडे लक्ष ठेवा. मी विचारलं, साधी बस किती वाजता? तिने दोनदा सांगितलं, मी दोनदा विचारलं म्हणून. हसलीसुद्धा. मग सांगितलं.

दशम्या मात्र जमल्या नाहीत. तुझ्यासारख्या मऊ राहिल्या नाहीत. दुधात भिजवायचं प्रमाण तू कधी लिहूनच दिलं नाहीस. सकाळी म्युन्शेनला मी पुढच्या भागात बसले, आणि तरीही समोरच्या बाईंना विचारलं, हा बायरिशत्सेलला जातो ना? त्या म्हणाल्या, मीपण तेच विचारणार होते.

आज चार वेळा पडले. चारही वेळा कडेला. पाचव्या फेरीला एकदाही न पडता खाली आले आणि सवयीने मागे वळून बघितलं, तू बघितलंस का म्हणून. तुझे बूट घोट्याला थोडे चावतात. लाल उतार अजून बंद आहे, तेव्हा तुझा तो बेत मी मोडला असं म्हणू नकोस.

चार तेवीसची गेल्यावर मी आईला फोन लावला.

"जेवलीस का?" वगैरे झालं. मग म्हटलं, "आई, मी एका विषयात नापास झाले. दोनदा. तुला सांगितलं नव्हतं."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"कधी?"

"मागच्या वर्षी. दोन्ही वेळा."

"आणि मला सांगत होतीस सोपंय म्हणून." मागून पप्पांचा आवाज, "काय म्हणती?" आई त्यांना म्हणाली, "नापास झाली." "कशात?" "ते कळून तुम्ही काय करणार आहात? गप बसा." मग मला, "त्या मावशीला सांगितलं होतंस का?"

"नाही."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "मला वाटलं मलाच तेवढं लपवलंस."

मी सांगितलं, फेब्रुवारीत शेवटची संधी आहे. जीव तोडून अभ्यास करते आहे, पण होईलच असं सांगू शकत नाही. आई म्हणाली, नाही झालं तर काय करतात? मी म्हटलं, मग परत यावं लागेल.

"मग येशील," ती म्हणाली. "कोण अडवतंय? तुझी खाट अजून खिडकीपाशीच आहे. त्याच्यावर पप्पा कपड्यांची गाठोडी ठेवतात, ती काढू." आणि मग, जरा रागानेच, "पण आधी अभ्यास कर. लगेच निघू नकोस."

मावशी, मी हसत हसत रडत होते, आणि कॅफेवाल्या बाईंनी न विचारता कागदी रुमाल आणून ठेवले. मी घाबरत होते ते वाक्य हे होतं. दोन वर्षं मी याच वाक्याला घाबरत होते.

मग पाकिटाचा फोटो काढून आंकेला पाठवला. खाली जर्मनमध्ये लिहिलं की त्या दिवशी मी शेवटची ओळ पूर्ण वाचली नाही, ती अशी आहे, आणि ती पोरगी मी आहे, आणि मला काय सांगायचं होतं ते हे. पाठवून फोन उलटा ठेवला. आता पाच वाजून गेलेत. बाहेर अंधार झालाय, डोंगरावरचा तो एक पट्टा तेवढा दिसतोय.

आत्ता फोन वाजला. आंकेचा निरोप, आवाजाचा. ऐकायला कानाला लावला तर आधी नुसता श्वास. मग मराठी. सगळे उच्चार तिरके, र घशातून काढलेला, पण मराठी. मी तिचं मराठी वाक्य पहिल्यांदाच ऐकलं.

"मग? बोललीस का?"

बोलले, आंके. बोलले, मावशी. उशिरा, एक गाडी सोडून, पण बोलले.

आता उठते. गाडी फलाटावर लागली आहे, सगळी दारं उघडी आहेत. मी मधल्या दारातून चढणार आहे आणि कुणालाही काही विचारणार नाही. होल्झकिर्शेनला दुसऱ्या खोऱ्यातली गाडी येऊन हिला चिकटेल, तेवढा धक्का बसेपर्यंत जागी राहीन. मग झोपेन.